वरातीतला ट्रम्पेट आणि पहिला जॅझ अल्बम

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातला २३ वर्षांचा मुलगा, आजोबांपासून घरात बँड. लहानपणापासून वरातीत ट्रम्पेट वाजवला, मग तीन वर्षं पुण्यात राहून जॅझ शिकला. आता पहिला अल्बम करायचाय. गाठीला दीड लाख रुपये, १४ चाली तयार, त्यातल्या चार अहिराणी गाण्यांवरच्या. तीन रेकॉर्डिंग पाठवून तो विचारतो, "काका, कुठे रेकॉर्ड करू? किती चाली घेऊ? अहिराणी ठेवू की काढू? आणि पुण्यातले मित्र म्हणतात, तुझ्या वाजवण्यात अजून बँड ऐकू येतो. तो कसा घालवू?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीची उत्तरं त्याच्यातूनच निघतील.

मीही बँडातलाच. अमळनेरला वडिलांच्या हाताखाली शिकलो, १९८० नंतर मुंबईला गेलो. हॉटेलात वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या खुर्चीवर बसलो. मग सिंथेसायझर आला, ब्रासवाले घरी बसले आणि मी गाव गाठलं. तेव्हापासून शिकवतो. म्हणजे तुला जे ऐकवलं जातंय ते मीही ऐकलंय, आणि "बँड घालवण्यात" माझी चार-पाच वर्षं वाया गेलीत.

तुझी रेकॉर्डिंग दोनदा ऐकली. पहिली दोन पुण्यातल्या खोलीतली, बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या तयार साथीवर, वाजवलेली. बोटं चपळ, सूर स्वच्छ, पण वाजवणारा कोण ते कळत नाही. जॅझमधले मोठे ट्रम्पेटवाले ऐकू येतात, क्लिफर्ड ब्राउन आहे, फ्रेडी हबर्ड आहे, तू नाहीस. तिसरं फोनवर घेतलेलं, शेतातलं असावं. मागे ट्रॅक्टर आहे आणि मध्येच कुणीतरी "जेवाले चाल" म्हणून हाक मारतंय. त्यात तू एकच चाल सावकाश वाजवलीस, आणि दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर सोडताना त्याला किंचित खाली घसरू दिलंस. हे तुला पुण्यात कुणी शिकवलेलं नाही. पाठवणीला वाजवून वाजवून ते ओठात बसलंय. तुझ्या मित्रांना बँड म्हणून हे खटकत असेल तर त्यांचं ऐकू नकोस.

पण त्यांचं काही खरंही आहे. बँडाने दिलेला माल वेगळा आणि लावलेली खोड वेगळी. आपल्याकडे तीन तास चालत, उन्हात, धुळीत वाजवायचं असतं. त्यातून दम येतो, आणि गायक नसताना गाणं पोचवायची सवय लागते. हे भांडवल कॉलेजात मिळत नाही. पण त्याच रस्त्यावर पाच क्लॅरिनेट, दोन युफोनियम (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) आणि ढोल-ताशावर मात करायची म्हणून आपण कायम एकाच जोरात फुंकतो. सगळे मिळून एकच चाल वाजवतो, त्यामुळे थांबायचं कुठे हे शिकतच नाही. बँडात थांबला तो दमला, असाच हिशेब. तुझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सव्वादोन मिनिटांचा सोलो आहे. त्यात श्वास घ्यायला लागला तेवढ्याच जागा मोकळ्या आहेत, मुद्दाम सोडलेली एकही नाही. पियानोवाल्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस. (बॅकिंग ट्रॅकचा पियानो रुसत नाही, हा त्या ट्रॅकचा दोष.)

दुसरी खोड सुराची. पितळी वाद्याचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो, कारण गरम हवेत ध्वनी जास्त वेगाने जातो. हिशेब साधारण एका अंशाला तीन सेंट, आणि अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. मे महिन्यात पारोळ्याच्या वरातीत ४४ अंश असतात, स्टुडिओच्या एसीत २२. कागदावर हा फरक ६६ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याहून जास्त भरतो. प्रत्यक्षात तेवढा पडत नाही, नळीत आपला गरम श्वास असतोच. पण उन्हाळाभर चढलेल्या सुराला कान सरावतो आणि स्टुडिओत गेल्यावर ओठ आवळून आपण तोच चढा सूर शोधतो. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये वरचे सगळे सूर चढलेत ते यामुळे. शिवाय पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) एकत्र दाबला की ट्रम्पेट मुळातच चढा बोलतो, तिन्ही दाबले की आणखी चढा. त्यासाठी तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला, म्हणजे तिसऱ्या स्लाइडला, कडी दिलेली असते. बँडातल्या जुन्या ट्रम्पेटची ही स्लाइड बहुधा जाम झालेली असते. तुझी हलते का बघ. हलत नसेल तर अल्बमच्या आधी ती सोडव.

यावरचा माझा उपाय गावठी आहे. केळीच्या बागेत जाऊन वाजव. भिंत नाही, पत्रा नाही, पानं आवाज पिऊन टाकतात आणि आत गारवा असतो. तिथे तुझा आवाज मोठा होऊन परत येत नाही, आहे तेवढाच कानावर पडतो. पहाटे वीस मिनिटं फक्त लांब सूर, जमेल तेवढे हळू. बासरीइतक्या हळू आवाजात सूर न फाटता आठ मोजेपर्यंत टिकला की पुढच्या सुरावर जा. पहिला आठवडा अपमान वाटेल, कारण रस्ता गाजवणाऱ्या ओठांना हळू फुंकता येत नाही. माइकसमोर लागतो तो हाच आवाज.

आता किती चाली. सहा.

चौदा चाली तयार आहेत म्हणतोस, त्यातल्या किती तू तीन वेगवेगळ्या संचांबरोबर लोकांसमोर वाजवल्यास? ज्या वाजवल्यास त्याच घे. अमेरिकन ट्रम्पेटवाला ली मॉर्गन याने १९५६ च्या नोव्हेंबरात ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम केला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्यात सहाच रचना आहेत, आणि सगळ्या स्वतःच्या असाव्यात असा हट्ट नाही. हॉरेस सिल्व्हर, बेनी गॉलसन यांच्या रचना त्याने वाजवल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्यामागे कोण बसलं होतं ते पाहा. पियानोवर २८ वर्षांचा सिल्व्हर, ड्रम्सवर ३३ वर्षांचा फिली जो जोन्स. पोरगा पुढे, मागे घडलेली माणसं. ट्रम्पेटवाला विंटन मार्सालिस याचा १९८२ चा पहिला अल्बमही तसाच. त्यातल्या काही रचनांवर हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स आहेत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तिघांनी खांद्यावर घेतलंय.

तू यादीत चार मित्र लिहिलेत, सगळे तुझ्याच वयाचे. पियानोवाला मित्र ठेव. ड्रम्स आणि बास मात्र तुझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या माणसांकडे दे. तरुण ड्रमर ट्रम्पेट चढला की स्वतःही चढतो, आणि मग दोघं वरातीतच पोचतात. मोठा माणूस तिथे आवाज काढून घेतो. मग तुला स्वतःचं ऐकावंच लागतं. दीड लाखातला निम्मा पैसा या दोघांवर आणि त्यांच्या तालमीवर गेला तरी गेला म्हणू नकोस. ब्लू नोटवाले रेकॉर्डिंगच्या आधी तालमीचे पैसे वादकांना वेगळे देत. त्या काळात ते फारसं कुणी करत नव्हतं, आणि त्यांच्या रेकॉर्डमध्ये त्याचा फरक ऐकू येतो.

कुठे रेकॉर्ड करायचं यावर तू जास्त डोकं शिणवलंयस. ली मॉर्गनचा तो अल्बम न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकमध्ये झाला, रुडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसाच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढत असे आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करी. म्हणजे खोली मापाची हवी आणि माइक लावणाऱ्याला खरी वाद्यं ऐकायची सवय हवी, एवढंच. खानदेशात उभा बास (उभं धरून वाजवायचं खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) आणि बरा पियानो एका खोलीत मिळणं अवघड, तेव्हा मुंबई किंवा पुणे गाठावंच लागेल. पण स्टुडिओ ठरवताना त्यांची यंत्रांची यादी मागू नकोस. "शेवटचा ड्रमसेट तुम्ही कधी रेकॉर्ड केला?" एवढं विचार. रात्रंदिवस कीबोर्ड आणि गायक रेकॉर्ड करणाऱ्यांचा हात ट्रम्पेटवर बसलेला नसतो.

सगळे एकाच वेळी वाजवा. ट्रम्पेटचा थोडा आवाज ड्रम्सच्या माइकमध्ये सांडेल, सांडू दे. त्यामुळे नंतर एखादा सूर कापून दुरुस्त करता येत नाही, पूर्ण चाल नीट वाजवावी लागते, आणि तुला त्याचीच गरज आहे. एका चालीचे तीन टेक, फार तर चार. पाचव्या टेकला ओठ गेलेले असतात आणि मन रागावलेलं असतं. दोन दिवसांत सहा चाली होतात. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम दोन दिवसांत झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पाच रचना, ४६ मिनिटांच्या आत. तो काही त्याचा पहिला अल्बम नव्हता आणि ती माणसंही वेगळीच होती, तेव्हा बरोबरी करायला सांगत नाही. वेळ जास्त मिळाला म्हणजे काम जास्त चांगलं होतं हा गैरसमज जावा म्हणून सांगतो.

माइकबद्दल थोडं. स्टुडिओत रिबन माइक असेल तर तो माग. ट्रम्पेटच्या आवाजातली चीर तो मऊ करतो. पण घंटा, म्हणजे ट्रम्पेटचं पुढचं रुंद तोंड, थेट त्याच्या तोंडात घालू नकोस, दीड-दोन फुटांवर आणि जरा बाजूला तोंड करून उभा राहा. जुन्या रिबनची पट्टी इतकी पातळ असते की जवळून मारलेल्या एका फुंकेने ती कायमची जाते, आणि मग दीड लाखातले उरलेले तिथेच द्यावे लागतात. हार्मन म्यूट (घंटेत बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावून, त्याची नळी काढून वाजवणार असशील तर उलट माइकच्या अगदी जवळ ये, तो आवाज लांबून पोचतच नाही. रेकॉर्डिंगची पातळी खाली ठेवायला सांग. पितळी वाद्य एका सुरात दुप्पट उसळतं, आणि डिजिटलमध्ये फाटलेला सूर परत शिवता येत नाही.

अहिराणीकडे येतो. तुझं मन इथेच अडकलंय आणि माझीही जखम इथलीच आहे.

१९९० नंतर मी एक कॅसेट काढली. लावणी घेतली, गझल घेतली, ब्राझीलचा बोसा नोव्हा घेतला, दोन खानदेशी गाणी मशिनच्या ढोलकीवर घेतली. वाटलं, प्रत्येकाला काहीतरी आवडेल. ज्या कंपनीने छापली तिने ५०० कॅसेट काढल्या आणि चार महिन्यांनी दोन खोकी भरून घरी परत पाठवल्या. आमचं घर धाब्याचं. आईने खोकी माळ्यावर रचली आणि वर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. पुढे कधीतरी मी त्यातली एक कॅसेट लावली. लावणी ऐकताना वाटलं हा लावणीवाला नव्हे, बोसा नोव्हा ऐकताना वाटलं हा तोही नव्हे. मी काय काय वाजवू शकतो याची यादी होती ती. माझ्यासारखं कुणी वाजवत होतं का, ते त्यात कुठेच ऐकू येत नव्हतं.

म्हणून चार अहिराणी गाणी नकोत. एक घे, आणि ते लग्नातलं नाचाचं घेऊ नकोस. तो ठेका तुझ्या अंगात आहेच. दादऱ्याच्या अंगाने तीन-तीनने झुलणारा तो ठेका आणि जॅझचा स्विंग यांचं नातं लांबचं नाही. तू साधा ब्लूज वाजवलास तरी ते झुलणं आपोआप येणार आहे, ते वेगळं दाखवायला ढोलकी लागत नाही. जात्यावरची ओवी घे. चार-पाच सुरांत फिरणारी, संथ. घरात म्हाताऱ्या बायका असतीलच, त्यांच्याकडून तोंडी शिक. मोबाइलवर शोधू नकोस, तिथे सगळ्यांना हार्मोनियमच्या पट्टीत बसवलेलं असतं.

आता तिचं जॅझ कसं करायचं? तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू मूळ चालीवर पाश्चात्य कॉर्डांची गर्दी केलीस आणि ती गुदमरली. उलट कर. ओवी जशीच्या तशी ठेव, खालचा बास, म्हणजे आधाराचा खालचा सूर, हलव. समजा ओवी सा, रे, कोमल ग, म एवढ्यात फिरते. पहिल्या कडव्याला बासवर सा. दुसऱ्याला बास कोमल निषादावर उतरव, तिसऱ्याला कोमल धैवतावर. वरचे सूर तेच राहतात, पण प्रत्येक वेळी त्यांचा रंग बदलतो, आणि बाई तीच, उजेड बदलला असं वाटतं. जॅझमध्ये जी गोष्ट आपल्या कानाला सर्वांत परकी वाटते ती हीच. आपल्याकडे सा हलत नाही. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या रचनेत काय होतं आठव. १६ मात्रागट एका सुरावरचा डोरियन, म्हणजे आपला काफी थाट. मग अख्खा काफी अर्ध्या स्वराने वर सरकतो, आठ गट तिथे राहतो आणि खाली परत येतो. बत्तीसच्या बत्तीस गट काफीच, पण सा उचलून ठेवलाय. माझ्या वडिलांना मी ती ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "पेटीवाल्यानं पट्टी चुकवी वाटतं." नंतर महिनाभर तेच गुणगुणत होते.

ओवीच्या खाली फक्त बास ठेव. ड्रम्स नको, पियानो नको.

कायद्याचं एक सांगतो, कारण बँडातल्या मुलांना इथे हमखास ठेच लागते. वरातीत सिनेमाची गाणी वाजवल्याबद्दल आपल्याला कुणी धरत नाही, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला आणि त्यात लग्नाच्या वरातीलाही सूट दिलीय. ही सूट रस्त्यावर संपते. तेच गाणं अल्बमवर घेतलं की परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण नव्याने रेकॉर्ड करण्यासाठी, कायद्यात वेगळा रस्ता आहे. पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं व्हावी लागतात, किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने रॉयल्टी भरावी लागते, आणि मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. जॅझवाल्याने बदल करायचे नाहीत तर मग करायचं काय! तेव्हा यादीतलं सिनेमाचं गाणं काढ. बहिणाबाईंची ओवी घेण्याचा तुझा विचार आहे, तिथेही सांभाळ. त्या १९५१ साली गेल्या, ६० वर्षांची मुदत उलटलीय, शब्द आता सगळ्यांचे. पण ट्रम्पेट शब्द वाजवत नाही. तो चाल वाजवतो, आणि तुझ्या कानात बसलेली चाल कुणा संगीतकाराने बांधलेली आहे. तिचे हक्क वेगळे. स्वतःची चाल लाव, नाहीतर घरातल्या जात्यावरची घे.

वेळेचं गणित लग्नसराईवर बसवावं लागेल. जूनपर्यंत तू वराती करणार, केल्याच पाहिजेस, पैसे तिथूनच येतात. शेवटच्या वरातीनंतर चार दिवस ट्रम्पेटला हात लावू नकोस. ओठ सुजलेले असतात, आतल्या स्नायूवर माउथपीसचा दाब बसलेला असतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या माणसालाही वर्षानुवर्षं जोरात वाजवून ओठांनी छळलं, आणि ओठाचा स्नायू फाटण्याच्या दुखण्याला आज त्याच्याच टोपणनावाने ओळखतात. मग तीन आठवडे केळीच्या बागेतला सराव. जुलैत तालमी. पावसाळ्यात कापसाच्या जिनिंगचे शेड रिकामे पडलेले असतात, ओळखीने एखादं मिळतं. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून तिथे रेकॉर्डिंग होत नाही, पण तालीम उत्तम होते, कारण घुमण्यामुळे आपोआप कमी सूर वाजवले जातात. रेकॉर्डिंग श्रावणात, कानबाईच्या मिरवणुका आटोपल्या की गणपतीच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत.

तू गोव्याच्या जुन्या वादकांबद्दल विचारलंस. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे सिनेमाची गाणी, असा त्यांचा दिवस. त्यांचं जे मिळेल ते ऐक. आपल्या लग्नांत वाजणाऱ्या जुन्या चालींत ट्रम्पेटचे जे तुकडे येतात, त्यांतले कित्येक या गोवेकर मंडळींनी बसवले. तुझ्या आजोबांनी ते रेकॉर्डवरून उचलले, वडिलांनी आजोबांकडून घेतले. जॅझ तुझ्या घरात तुझ्या आधीच येऊन राहिलेलं आहे. बँड घालवायचा कसा विचारतोस, पण कोणता काढशील आणि कोणता ठेवशील?

राहिला वडिलांचा विषय. तू लिहिलंस की ते म्हणतात, अल्बमवर बँडचं नाव घालू नको, लोक हसतील. नाव घालायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. पण ते युफोनियम वाजवतात असंही तू लिहिलंस, आणि ओवीखाली बास हलवायचा म्हटल्यापासून माझ्या डोक्यात उभा बास नाहीच. युफोनियमला खालचे लांब सूर शोभतात, आणि तीस वर्षं वरातीत खालची बाजू सांभाळलेला माणूस हाताशी आहे. एकदा ऐकून बघू. येत्या रविवारी दोघंही जळगावला या, सकाळी दहाच्या आत, म्हणजे ऊन चढायच्या आधी काम होईल. म्यूट माझ्याकडे आहेत. तिसऱ्या स्लाइडला लावायचं ग्रीस तेवढं तुझं तू आण, माझं संपलंय.